अदेलिनोने लावलेलं दार

अदेलिनो फुर्ताडो संतापला की आधी त्याचे कान लाल होतात, मग मान, आणि मग तो अंगणात येऊन छपराकडे तोंड करून बोलायला लागतो. ते बोलणं माझ्यासाठी नसतं, पण मी ऐकावं अशा बेताचं असतं. आमची घरं जुळी आहेत. छप्पर एक, मधे विटांची एक भिंत, डावं दार त्याचं, उजवं माझं. टोरोंटोत बत्तीस वर्षं ट्राम चालवून मला एक विद्या आली आहे: न ऐकल्यासारखा चेहरा ठेवून सगळं ऐकायचं.

"माझ्या डोक्यावर राहतेय!" मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी सकाळी तो छपराला सांगत होता. "मी बांधलेल्या घरात! डोळ्यांवर चोराचा काळा फडका बांधूनच जन्माला येणारी जात. पाच बोटांचे हात दिलेत देवाने, ते काय कामाला लावायचे? तर लोकांच्या कड्या काढायला!"

घर काही त्याने बांधलेलं नव्हतं. ते त्याच्या जन्माआधीचं होतं. पण पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून आला तो थेट काँक्रीटच्या कामावर, आणि चाळीस वर्षांत घराच्या इतक्या भागांवर त्याने सिमेंट चढवलं की मूळ घर आत कुठेतरी असावं, एवढंच म्हणता येतं. पुढचं अंगण काँक्रीट, मागचं अंगण काँक्रीट, पायऱ्या काँक्रीट, पायऱ्यांवरचे दोन सिंहही काँक्रीट. द्राक्षाच्या वेलाला तेवढी परातीएवढी माती सोडलेली आहे, तीही नाइलाजाने.

हे सगळं होतं रकूनबद्दल: मांजराहून मोठं, डोळ्यांभोवती काळा पट्टा आणि हातासारखे पंजे असलेलं जनावर. रकूनवर राग आमच्या गल्लीत कोणाचा नाही? रकूनला उघडता येऊ नये म्हणून खास कडीचे कचऱ्याचे डबे निघाले. रकून ते चार दिवसांत शिकला. मला अजून दोन हात आणि एक गुडघा लागतो. पण अदेलिनोचा राग नुसता कचऱ्यापुरता नव्हता. त्याचं घर पणाला लागलं होतं.

झालं होतं असं. गेल्या ऑक्टोबरात द्राक्षं काढताना तो शिडीवरून पडला. मनगट आणि दोन बरगड्या. इस्पितळात तो वेदनेवरच्या औषधाच्या गुंगीत असताना त्याच्या मुलीने, लुसिंदाने, त्याच्याकडून दोन सह्या घेतल्या. पहिलीने घर दोघांच्या नावावर झालं. दुसरी एका चिठ्ठीखाली होती: "पुन्हा शिडीवर चढणार नाही. चढलो तर घर विकायला ना म्हणणार नाही." ती चिठ्ठी सात महिने फ्रिजच्या दारावर होती. लुसिंदा दातांच्या दवाखान्यात काम करते. माणसाला बोलता येणार नाही अशी वेळ साधून त्याला प्रश्न विचारायचा तिचा हातखंडा आहे.

एप्रिलच्या शेवटी माळ्यावर खुडबुड सुरू झाली. लुसिंदा म्हणाली, रकून काढणारा माणूस बोलव. अदेलिनो म्हणाला, माझ्या घराचं भोक मला परक्या माणसाने दाखवायचं का? त्यावर त्या बापलेकीत पोर्तुगीजमधून जे झालं ते भिंतीतून मला सगळं ऐकू आलं आणि शब्द न कळताही समजलं. शेवटचं वाक्य तिने मुद्दाम इंग्रजीत, माझ्या दारापाशी येऊन सांगितलं. "मॉरिस, तुम्ही साक्षीदार. रविवारी दुपारी मी एजंट घेऊन येतेय. तोवर माळा रिकामा झाला नाही, तर ह्याला हे घर झेपत नाही एवढं सिद्ध झालं. मग त्याने माझ्या गल्लीतल्या फ्लॅटमध्ये राहायचं."

"दहाव्या मजल्यावर," अदेलिनो मला म्हणाला. "दहाव्या! मला शिडीची भीती घालते आणि दहाव्या मजल्यावर चढवते."

तर त्या शनिवारी दुपारी तो दुकानातून एकतर्फी दार घेऊन आला. जाळीचं, वर बिजागरी. रकून आतून ढकलून बाहेर पडतो, बाहेरून उघडत नाही. छान वस्तू. माझ्या आयुष्यातल्या काही नातेवाइकांसाठी मला ती आवडली असती.

"शिडी धर," अदेलिनो म्हणाला.

"तू सही केलीयस."

"शिडी धर म्हणतोय ना! अर्धं छप्पर तुझं आहे. आज माझ्याकडे आहे, उद्या तुझ्याकडे येईल. तेव्हा मी खुर्ची टाकून बघत बसेन."

मी शिडी धरली. शिडीचा एक पाय हलत होता. दाराबरोबर सूचनांचा कागद आला होता; त्याची चौघडी करून अदेलिनोने ती त्या पायाखाली सारली. घडीचा वरचा भाग लाल अक्षरांत होता. मी तो उलटा वाचला.

"अदेलिनो, इथे लिहिलंय की मार्च ते जूनमध्ये आधी आत पिल्लं आहेत का बघा."

"कागद लिहिणाऱ्याने कधी विटेला हात लावलाय का?"

"पिल्लांबद्दल आहे रे, विटांबद्दल नाही."

"शिडी धर, मॉरिस. तुझं तोंड धरायला लावू नकोस."

विटांची भिंत संपते आणि छपराची कड सुरू होते तिथे ते भोक होतं, नारळाएवढं. दार चार स्क्रूवर बसणारं होतं. पण अदेलिनोचं स्क्रूबद्दलचं मत गल्लीला माहीत आहे: स्क्रू म्हणजे पुढे कोणीतरी काढावा म्हणून लावलेली वस्तू. त्याने चारी कडांना लवकर धरणारं सिमेंट भरलं, थापीने गुळगुळीत केलं, कोपरे काढले, आणि खाली येऊन लांबून बघितलं. "आता हे बॉम्बनेसुद्धा निघायचं नाही," तो म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याचे कान पांढरे होते.

तिन्हीसांजेला मादी बाहेर आली. जाळी उचलली गेली, तिचं गुबगुबीत अंग भिंतीवरून उतरलं, जाळी खाली पडली. अदेलिनोने घरच्या दारूची बाटली उघडून मला पेला दिला आणि कुंपणावरून पळणाऱ्या त्या शेपटीला उद्देशून त्याच्या बेटावरची एक शिवी दिली. तिचा अर्थ मी विचारला. तो म्हणाला, तू ट्राममध्ये बायकामाणसं बसवलेला माणूस आहेस, नको.

रविवारी तो चर्चला गेला. तो परत येईपर्यंत ती छपरावर आली होती. भर उन्हात. रकून दिवसा दिसला की समजावं, काहीतरी बिनसलंय. तिने आधी जाळी ओढली. मग सिमेंट खरवडलं. मग ती थोडी मागे बसून त्या कामाकडे बघत राहिली, आणि मला वाटतं तिलाही ते पक्कं काम आहे हे कळलं. कारण ती उठून छपराच्या माझ्या बाजूला आली आणि छपरावरच्या डांबरी पट्ट्या उपटायला लागली. एकेक पट्टी माझ्या पायऱ्यांवर पडत होती.

"अदेलिनो!" मी ओरडलो. "तुझी भाडेकरू माझ्याकडे जागा बघतेय!"

तो कोट न काढता धावत आला. तेवढ्यात माळ्यातून आवाज आला. वळणावर ट्रामची चाकं करतात तसा, पण बारीक, आणि एकाच वेळी तीन-चार वळणांवर.

अदेलिनो काही बोलला नाही. मी त्याला ओळखतो त्या सव्वीस वर्षांत हे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा त्याची बायको गेली तेव्हा.

आणि लुसिंदाची गाडी दारात थांबली.

एजंटचं नाव ट्रेव्हर होतं. त्याचे बूट इतके टोकदार होते की त्याला पायऱ्या तिरक्या चढाव्या लागल्या. त्याने सिंहांकडे बघितलं आणि म्हणाला, "घराला स्वतःचं व्यक्तिमत्त्व आहे." ही मंडळी घराबद्दल बरं काही सापडलं नाही की असं म्हणतात.

"हा आवाज कसला?" लुसिंदाने विचारलं.

"मॉरिसचा रेडिओ," अदेलिनो म्हणाला.

मी ऐकलं नाही असा चेहरा केला. लुसिंदाने वर बघितलं. जाळी बघितली. जाळीभोवतीच्या कडा बघितल्या, ते कोपरे बघितले. ती लहानपणी ह्या माणसाच्या घमेल्यात पाणी ओतत वाढलेली मुलगी आहे.

"पापा. ते कोणी लावलं?"

"एक माणूस आला होता."

"कोण माणूस?"

"होता एक."

"पापा, अख्ख्या शहरात उंदराच्या पिंजऱ्यालासुद्धा गिलावा करणारा एकच माणूस आहे!" आणि मग ती जी सुटली. मनगट, बरगड्या, इस्पितळातल्या अकरा रात्री, पडल्यावर तो वीस मिनिटं काँक्रीटवर तसाच पडून होता ते, कारण मऊ म्हणावं असं काही त्या अंगणात त्याने ठेवलंच नाही, ते. "आणि तुम्ही!" ती माझ्याकडे वळली. "साक्षीदार! तुम्ही शिडी धरलीत ना?"

"घट्ट धरली होती," मी म्हणालो. त्यापेक्षा गप्प बसलो असतो तर बरं.

अदेलिनोची मान आता वांग्याच्या रंगाची झाली होती. "हो, चढलो! माझं छप्पर आहे, चढलो! तुझ्या त्या दहाव्या मजल्यावर मी काय करू? खिडकीत बसून तुझी गाडी कधी येते बघू? वर्षभरात मरेन आणि तू म्हणशील, पापा सुखाने गेले!"

"इथे मर मग! डोक्यावर पडून मर!"

"मरेन! माझ्या सिमेंटवर मरेन!"

"रेडिओ लावला तर तो आवाज झाकला जाईल," ट्रेव्हर समजुतीने म्हणाला.

त्याच्याकडे दोघांनीही अशी नजर टाकली की तो सिंहामागे सरकला. आवाज मात्र कमी होत चालला होता. ते जास्त वाईट होतं. छपरावर मादीने पट्ट्या उपटायचं सोडलं होतं आणि कडेला येऊन खाली बघत होती, आमच्याकडे, एकेकाकडे.

लुसिंदाने रकून काढणाऱ्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, मंगळवारी. तिने त्यालाही काही ऐकवलं आणि फोन ठेवला. तोवर अदेलिनोने कोट काढून सिंहावर टाकला होता, छिन्नी-हातोडी घेतली होती, आणि त्याचा एक पाय शिडीवर होता.

"उतर," लुसिंदा म्हणाली.

"पोरं आहेत आत."

"मला ऐकू येतंय. उतर."

"मी घातलंय ते सिमेंट, मीच काढणार. शब्द मी मोडलाय, घर गेलं, मला ठाऊक आहे. बोलाव त्याला, कुठे सही करायची ती करतो. पण आधी हे."

त्याने ते इतक्या रागाने म्हटलं की त्याचा अर्थ कळायला मला जरा वेळ लागला. लुसिंदालाही. मग तिने त्याच्या हातातली छिन्नी काढून घेतली, बूट भिरकावले, आणि रविवारच्या कपड्यांत शिडी चढायला लागली.

"अगं ए!" अदेलिनो किंचाळला. "खाली ये! तुला काय येतं? मॉरिस, तिला उतरव!"

मी एका बाजूने शिडी धरली. त्याने दुसऱ्या बाजूने धरली.

पुढची चाळीस मिनिटं आमच्या गल्लीने जे ऐकलं ते गल्ली विसरणार नाही. वरून लुसिंदा हातोडी मारत होती आणि बापाच्या कामाला शिव्या घालत होती. खालून बाप तिच्या हातोडी मारण्याला शिव्या घालत होता.

"कशाला एवढं भरायचं? पूल बांधत होतास का?"

"सरळ मारू नकोस! तिरकी धर! वरच्या कोपऱ्यापासून!"

"वरच्या कोपऱ्यातून नाही निघत!"

"नाहीच निघणार! मी घातलंय! खालून घे, तिथे थर पातळ आहे!"

"आधी का नाही सांगितलंस?"

"पातळ आहे हे काय गल्लीत ओरडून सांगायचं का?"

मादी छपराच्या कडेवर, लुसिंदाच्या डोक्यापासून हातभर अंतरावर बसली होती आणि गुरगुरत होती. "तू गप्प बस," लुसिंदा तिला म्हणाली, "तुझ्यामुळे सगळं चाललंय." मादी गप्प बसली नाही, पण जवळही आली नाही.

शेवटी चौकट निघाली आणि माझ्या पायाजवळ पडली, सिमेंटसकट, एका तुकड्यात. लुसिंदा खाली आली. तिच्या हातांना फोड आले होते, केसांत सिमेंट होतं. ती बाजूला होते न होते तोच मादी भोकात शिरली आणि आवाज थांबला, नळ बंद करावा तसा.

ट्रेव्हर सिंहामागून बाहेर आला. "तसं बघता," तो म्हणाला, "आज कागद आणलेच आहेत." त्याने पेन पुढे केलं. अदेलिनोने ते घेतलं. त्याने खरंच घेतलं, टोपणही काढलं.

लुसिंदाने त्याच्या हातातलं पेन ओढून ट्रेव्हरच्या खिशात खुपसलं. "निघा तुम्ही. आत पिल्लं आहेत. पिल्लं असलेलं घर मी विकायला काढू का?"

"ती उन्हाळ्याअखेर जातील, मॅडम—"

"मग उन्हाळ्याअखेर बघू. निघा!"

ट्रेव्हर तिरका तिरका उतरून गेला. अदेलिनो काहीतरी बोलायला तोंड उघडत होता, बहुधा काहीतरी बरं. पण लुसिंदाने शिडी आडवी केली, ओढत गाडीपाशी नेली आणि टपावर दोरीने बांधायला लागली.

"हे काय चाललंय?"

"शिडी माझ्याकडे राहील."

"माझी शिडी? एकोणीसशे ब्याऐंशीपासूनची आहे ती!" अदेलिनो रस्त्यावर धावला. "घर ने! घर पाहिजे तर ने, पण शिडी ठेव! लुसिंदा! ती गाठ आहे का? पहिल्या वळणावर सुटेल! थांब, मला बांधू दे!"

आणि त्याने स्वतःच्या हाताने ती शिडी तिच्या गाडीवर पक्की बांधून दिली, शिव्या घालत, दोन्हीकडून दोन-दोन गाठी मारून. ती गेली. तो कोपऱ्यापर्यंत मागे ओरडत गेला आणि परत आला.

मादीने सोमवारी संध्याकाळी बिऱ्हाड हलवलं. मानगुटीला धरून एकेक पिल्लू, अशी चार खेपांत. माळा रिकामा झाला. ती कुठे गेली हे अदेलिनोला कळलं नाही; मला कळलं, कारण ती माझ्या गॅरेजमध्ये, जुन्या टायरांमागे गेली.

मंगळवारी सकाळी अदेलिनो कुंपणाशी आला. त्याचे कान अजून लाल होते. "भोक उघडं आहे," तो म्हणाला. "बुजवायला हवं. मॉरिस, तुझ्याकडे शिडी आहे ना, गॅरेजमध्ये?"

"नाही," मी म्हणालो.

तो पाठ फिरवून त्याच्या अंगणात गेला. मग छपराकडे तोंड करून, खोटारड्या ट्रामवाल्यांबद्दल बोलायला लागला.