चष्म्याशिवाय दिसेल अशी चीर

त्या दिवशीही लाँड्री नेहमीसारखीच चालू होती. सासूबाई गिऱ्हाइकांचे कपडे मोजून घेत होत्या, नवरा इस्त्री फिरवत होता आणि थोरली सून ओल्या चादरींची बादली घेऊन गच्चीचा जिना चढत होती. गर्भाशयात गाठी, अंगावरून जाणं थांबेना, डोळ्यांपुढे अंधारी. पण तिच्या हातातली बादली घ्यावी असं त्या घरात कुणाला सुचेल तर शपथ.

दुपारी सगळे दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी तिला एकटीला आत घेतलं. "पिशवी काढावी लागेल. दुर्बिणीनं करू. तीन-चार बारीक छेद, एक-दोन दिवसांत घरी. पोट उघडलं तर चीर मोठी, दुखणंही जास्त. तुम्हाला त्याची गरज नाही."

"मला मोठी चीरच द्या, मॅडम."

"अहो, बायका उलटं मागतात."

"माझ्या धाकट्या जावेचं दुर्बिणीनंच झालं. पोटावर बघायला काही नाही, म्हणून सासूबाईंनी आठव्या दिवशी तिच्या हातात बादली दिली. दहाव्या दिवशी आतले टाके उसवले. जीव वाचला कसाबसा. शेजारच्या शिंपिणीला मात्र हातभर चीर होती, तिला दीड महिना कुणी हलवलं नाही."

"आतली जखम दोन्हीकडे सारखीच असते. दुर्बिणीनं केलं तरी सहा आठवडे जड उचलायचं नाही."

"हे तुम्हाला कळतं, मॅडम. आमच्याकडे दिसेल तेवढंच दुखणं."

डॉक्टरबाईंनी घरच्यांना आत बोलावून तेच पुन्हा सांगितलं.

"तीन भोकांना सहा आठवडे?" सासूबाई म्हणाल्या. "आम्ही बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी कामाला उभ्या होतो. हल्ली नुसती थेरं."

"तेवढे दिवस बादली तुम्ही उचलाल का?" डॉक्टरबाईंनी नवऱ्याला विचारलं.

त्यानं आईकडे पाहिलं. "बघू," म्हणाला, आणि दोघं बाहेर जाऊन बसली.

थोरलीला त्याचा राग आला नाही. फार एकटं वाटलं, इतकंच. संमतीचा कागद तिनं स्वतःच पुढे ओढला आणि 'पोट उघडून' या शब्दांवर बोट ठेवलं.

"आणि जरा लांब घ्या, मॅडम," ती हळूच म्हणाली. "सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसली पाहिजे."