होल्गरच्या चौदा रेषा

होल्गरचे विमान थरथरायला लागले तेव्हा आम्ही समुद्रापासून तीनशे मीटर उंचीवर होतो. मी त्याच्या उजव्या पंखाशी इतका चिकटून उडत होतो, की त्याचे हलणारे टोक आता माझ्या काचेवर आपटणार असे वाटले.

"होल्गर, खडीवरून चालवतोयस का रे?" हेडफोनमध्ये सीवचा आवाज आला.

"दांड्याला काहीतरी झालंय," होल्गर म्हणाला. "थांबा जरा."

पण आकाशात थांबता येत नाही. चार विमाने जवळजवळ उडत असली की मागचे तिघे पुढच्याकडेच बघत असतात. पुढचा हलला की सगळे हलतात. मी उजवीकडे सुटलो, सीव डावीकडे सुटली, आणि सगळ्यात मागे असलेला टूरे, ज्याला कमी ऐकू येते, तो थेट होल्गरच्या शेपटीत घुसला.

"दोघं गेले पाण्यात," सीव म्हणाली आणि हेडफोन काढून उठली. "माझ्या चादरी झाल्या असतील."

चादरी खऱ्या होत्या. समुद्र आणि विमाने तेवढी पडद्यावरची. आमच्या वसाहतीच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून एक लहान खोली आहे. तिथे चार टेबले, चार संगणक आणि कॉफीचे एक यंत्र घेऊन आम्ही दर बुधवारी सकाळी दहाला बसतो आणि दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमाने उडवतो. सीव तीस वर्षे परिचारिका होती, ती मला एका सकाळी साधारण तीनदा पाडते, आणि दर वेळी "लागलं नाही ना?" असे विचारते. टूरेचे मासळीचे दुकान होते. मी गावच्या ग्रंथालयात पुस्तकांची कार्डे लिहीत असे. आणि होल्गरने तीन नंबरची बस चालवली, स्टेशन ते इस्पितळ ते बंदर, एकतीस वर्षे.

"एकतीस हिवाळे," तो सांगायचा, "रस्त्यावर बर्फ, आणि मागच्या बाकावरच्या बाईच्या पेल्यातली कॉफी एकदाही सांडली नाही. विचारा कुणालाही."

म्हणून पहिले विमान होल्गरचे. ते कधी ठरवावे लागले नाही. दर सप्टेंबरात समोरच्या किनाऱ्यावरच्या फिनिश मंडळाशी आमची गाठ असते: दीपगृहाला तीन फेऱ्या, चार विमाने, कोण जास्त एकसंध उडते ते बघायचे. ती गाठ आता येत्या रविवारी होती.

"मी बघतो," असे म्हणत मी उठलो. जरा जास्तच घाईने उठलो असेन, कारण माझी खुर्ची मागे पडली.

मला कळले होते काय झाले ते. धुण्याच्या खोलीतला नळ झिरपतो म्हणून होल्गरने सकाळी आपले टेबल खिडकीकडे सरकवले होते आणि जॉयस्टिकची वायर संगणकाच्या दुसऱ्याच खोबणीत खोचली होती. ही चूक आमच्यातल्या प्रत्येकाने केलेली आहे. खोबण बदलली की संगणकाला वाटते हा कोणी नवाच दांडा आला. जुने सगळे विसरून तो त्याला कोरी, सरळ रेषा देतो; हाताला विमानाने किती दाद द्यायची ते ही रेषा ठरवते. त्यासाठीच आम्ही खोबणींवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या आहेत. होल्गरची पट्टी लाल. ती तिथेच होती, रिकाम्या खोबणीवर.

पण मी पोहोचेपर्यंत होल्गरने सेटिंगचे पान उघडले होते. बसचे इंजिनसुद्धा तो स्वतःच उघडून बघायचा.

"हे काय आहे रे, आल्वार?"

पडद्यावर यादी होती. होल्गर १. होल्गर २. होल्गर ३. असे चौदापर्यंत, आणि प्रत्येकापुढे तारीख.

"जुनी सेटिंगं आहेत," मी म्हणालो. "वायर लाल पट्टीत घाल, होईल नीट."

"चौदा?"

कार्डे लिहिणाऱ्या माणसाला जुने कार्ड फाडता येत नाही. माझ्या सगळ्या आयुष्यातला तो एक गुण, आणि त्यानेच माझा घात केला.

होल्गरने पहिले उघडले. चौकटीत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेषा. हात जितका हलेल तितके विमान हलेल, एवढाच तिचा अर्थ. मग त्याने दुसरे उघडले. रेषेला मध्यभागी जरासा बाक. तिसरे. चौथे. तो एकेक उघडत गेला आणि मी त्याच्या खांद्यामागे उभा राहून खिशातल्या किल्ल्या मोजत राहिलो. आठव्यापासून रेषा मध्ये आडवी पडायला लागली होती. चौदावी तर मध्यभागी हिवाळ्यातल्या तळ्यासारखी सपाट होती आणि दोन्ही टोकांना भिंतीसारखी उभी.

"मध्ये एवढं सपाट कशाला?" त्याने विचारले. प्रश्न साधा होता. त्याचा उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा पहिल्या बोटावर घासला जात होता, तसा तो दोन वर्षे घासला जातोय.

मी मागे पडलेली खुर्ची उचलायला गेलो. सीव घडी घातलेल्या चादरी घेऊन दारात उभी होती. टूरेने मोठ्याने विचारले, "झालं का नीट?"

"झालं," होल्गर म्हणाला. त्याने कोट घेतला आणि निघून गेला. कपातली कॉफी तशीच राहिली. अर्धाच कप, तो हल्ली अर्धाच भरून घ्यायचा. डॉक्टरांनी कमी करायला सांगितलीय, असे सांगायचा.

दोन वर्षांपूर्वी एका बुधवारी त्याचे विमान किंचित डुलले होते. दुसऱ्या कोणाला दिसले नाही. मी पंखाशी उडतो, मला दिसले. खोलीची किल्ली माझ्याकडे असते. पुढच्या बुधवारी मी तासभर आधी आलो आणि त्याच्या रेषेला छोटासा बाक दिला, म्हणजे हाताची बारीक हालचाल विमानापर्यंत पोहोचणारच नाही. त्या दिवशी तो म्हणाला, "आज मस्त चाललं." मला बरे वाटले. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा थोडे डुलले, मी पुन्हा आधी आलो. हे सांगायला मला धीर कधीच झाला नाही. सांगावे की नाही हेही मी ठरवू शकलो नाही. मी असाच आहे. दुकानात दोन प्रकारचे पाव असले तर मी दोन्ही घेऊन येतो.

गुरुवारी मी त्याला तीनदा फोन केला. मग घरात बसवेना म्हणून बाहेर पडलो, बंदरापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. शेवटी तीन नंबरच्या थांब्यावर उभा राहिलो. तिसऱ्या बसमध्ये तो होता, चालकाच्या मागच्या बाकावर. मी शेजारी जाऊन बसलो. त्याने खिडकीकडे सरकून जागा दिली.

"ब्रेक उशिरा लावते ही," चालक मुलीकडे हनुवटी करत तो म्हणाला.

इस्पितळाचा थांबा गेला. मी म्हणालो, "होल्गर, मला सांगायला हवं होतं."

"हो."

"मला वाटलं, तुला..."

"मला काय वाटलं ते ऐक आता." त्याने आवाज चढवला नाही. "मार्चमध्ये डॉक्टरीणबाई म्हणाली, गोळी वाढवू या. त्या गोळीनं मला गरगरतं. मी म्हटलं, गरज नाही. हातात काम असलं की हात थांबतो माझा. दर बुधवारी बघतो ना मी, विमान रेषेत जातं. ती म्हणाली, असं असेल तर छानच. लिहून घेतलं तिनं. सहा महिने, आल्वार. सहा महिने मी समजत होतो की मी बरा होतोय."

बस वळणावर जोरात झुकली. मी समोरचा दांडा धरला.

"सीवला माहीत होतं?" त्याने विचारले.

"तिनं विचारलं नाही मला. पण तिला दिसत असणार."

"टूरेला?"

"टूरेला तुझं विमानसुद्धा दिसलं नाही काल."

तो हसला नाही, पण नाकातून एक श्वास सोडला. बंदराला बस थांबली. आम्ही उतरलो नाही. मुलीने आरशातून पाहिले आणि दार लावून घेतले. तिला तो माहीत असावा.

"उद्या जातोय मी डॉक्टरीणबाईकडे," परतीच्या वाटेवर तो म्हणाला. मग इस्पितळाच्या थांब्यावर, "तुझी किती आहेत? रेषा."

"एकच."

"सरळ?"

"सरळच. मला कधी बदलावंसं... म्हणजे मला ते..."

"मग रविवारी पुढं तू."

मी म्हणालो की मला जमणार नाही. मी आयुष्यात कोणाच्या पुढे गेलेलो नाही. ग्रंथालयात आग लागल्याचा सराव असायचा तेव्हाही मी शेवटून दुसरा बाहेर पडायचो. मी म्हणालो, सीवला सांग. तो म्हणाला, सीव शत्रू दिसला की रांग सोडून पळते. हे खरे होते.

शुक्रवार आणि शनिवार मी कसे काढले ते सांगण्यासारखे नाही. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. त्याच्याकडे गेलो असतो, तर पुन्हा नाही म्हणालो असतो, म्हणून गेलो नाही.

रविवारी बाराला सगळे जमले. होल्गरचे टेबल खिडकीशीच होते. मी वायर हातात घेऊन वाकलो.

"कितवी लावू?" मी हळू विचारले.

"पहिली."

"होल्गर, पहिलीनं ते..."

"माहितीये मला काय होतं ते. मी शेवटी उडणार आहे. माझ्या मागं कुणी नाही, कुणाला त्रास नाही. तुझ्या शेपटीपासून लांब राहीन." मग इतरांना ऐकू जाईल असे म्हणाला, "टूरे, तू उजवीकडे ये. आज मी तुझ्या जागी."

"काय?"

"उजवीकडे!"

"मग तसं सांग की. ओरडतोस कशाला?"

सीव आपल्या जागेवर बसली. बसता बसता तिने होल्गरच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला. "रविवार असून इस्त्री सोडून आलेय," ती म्हणाली. "हरलात तर बघा."

आम्ही उडालो. पुढे असण्याची गंमत ही, की तुम्हाला समोर कोणीच दिसत नाही. इतकी वर्षे मी एका पंखाकडे बघत उडलो होतो; आता नुसते पाणी आणि लांबवर दीपगृह. उजवीकडे टूरे होता, डावीकडे सीव. मागचे मला दिसत नव्हते. पहिली फेरी झाली. मी जरा रुंद वळलो असेन. दुसरी झाली.

दुसऱ्या फेरीनंतर हेडफोनमध्ये पेंटीचा आवाज आला. तो फिनिश मंडळाचा, आमची भाषा मोडकीतोडकी बोलतो, आणि त्या दिवशी वरून आम्हाला गुण देत होता.

"तुमचं चार नंबर," तो म्हणाला, "तिकडं हवेत खड्डे आहेत काय?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होते: वायर खराब झालीय. खरोखर तयार होते, ओठावर आले होते.

"खड्डे नाहीत," मागून होल्गरचा आवाज आला. हेडफोनमध्येही आला आणि खोलीतही. "माझा हात थरथरतो. आजार आहे. तुम्ही गुण द्या."

"बरं," पेंटी म्हणाला. "आमच्या तीन नंबरला एकच डोळा आहे. तो तुमच्या बाजूचं काही बघत नाही."

"म्हणून दर वर्षी आमच्या अंगावर येतो होय," सीव म्हणाली.

तिसरी फेरी मी नीट मारली असे मला वाटते. पण माझ्या वाटण्यावर फार जाऊ नये. आम्ही हरलो. नंतर त्यांनी वरून घेतलेले चित्र पाठवले, ते आम्ही चौघांनी पाहिले. तीन विमाने बऱ्यापैकी एकत्र, आणि त्यांच्या मागे, जरा लांब, चौथे. ते सारखे डुलत होते, नाक वर, नाक खाली, डावा पंख, उजवा पंख. पण तिन्ही फेऱ्यांत ते मागे पडले नाही. एका वळणावर मी फारच रुंद गेलो होतो, तिथेही ते वळून माझ्या मागोमाग आले होते.

"तुझं ते वळण बघ," टूरे मला म्हणाला. "बस चुकली असती लोकांची."

होल्गर उठला आणि कॉफीच्या यंत्रापाशी गेला. मी बघायचे नाही असे ठरवले, तरी बघितले. त्याने कप ठेवला, बटण दाबले, अर्ध्यावर आले तरी सोडले नाही. काठापर्यंत भरू दिला. मग तो कप उचलून खोली ओलांडून खिडकीकडच्या आपल्या टेबलाशी आला, घाई न करता, बस उताराला लागल्यावर चालवावी तसा.

सीवच्या हातात पुसायचे फडके होते. ती ते हातातच धरून बसून राहिली.

तो बसला, एक घोट घेतला, आणि "तिसऱ्या फेरीत वारा होता जरा," असे म्हणाला. यंत्रापासून त्याच्या खुर्चीपर्यंत फरशीवर कॉफीच्या थेंबांची एक रांग होती. टूरे उठून बिस्किटे आणायला गेला तेव्हा ती ओलांडताना त्याने पाय जरा उंच उचलला.