दौऱ्यातलं पाणी

दौऱ्याच्या भत्त्यात एसटीचं भाडं बसतं, दुपारचं जेवण बसतं, पाणी बसत नाही. दूध संघाचा सुपरवायझर आसाराम यानं बिलात पाण्याच्या बाटल्या लावल्या, तर हिशेबनीस शहादेवनं लाल रेघ ओढली.

“पाणी विकत पितो व्हय बे? गावात माठ न्हाईत का?”

“माठ हायती. पाणी न्हाई.”

पंख्याखाली बसून दुष्काळ कळत नसतो. गावात टँकर आठवड्यानं यायचा. दूध तपासायला आलेल्या माणसापुढं बाया आधी तांब्या ठेवायच्या, आणि त्या तांब्यापायी घरातल्या कुणाचं तरी तोंड धुवायचं राहायचं. आसारामला ते पाणी घशाखाली उतरेना. मग बिल नाकारलं तरी तो पदरच्या पैशानं बाटली घ्यायचा आणि तांब्याला नुसते हात जोडायचा. वर स्वतःला लई भला समजायचा.

पाटोद्यापुढच्या एका वाडीत दगडाबाईंनी हा भलेपणा उतरवला. दगडाबाई बौद्ध वस्तीतल्या, बायांच्या दूध सोसायटीच्या चेअरमन. त्या दिवशी कॅनचं झाकण न काढता ओट्यावर बसल्या होत्या.

“आजपासून दूध बंद, सायब. समद्या बायांनी ठरवलंय.”

“कावून?”

“आमचं पाणी तुमाला चालत न्हाई, मग दूध कसं चालतं?”

आसारामची मान खाली गेली. तो मराठ्याच्या घरचा. या दारात पाणी नाकारलं की त्याचा काय अर्थ होतो, हे त्याला कळायला हवं होतं. पण असला विचार करायची पाळी त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

“मावशी, मी कुठल्याच घरी पीत न्हाई. टँकरचं तुमालाच पुरंना. त्यात मी वाटेकरी व्हायचं? लाज वाटती.”

“मग तसं तोंडानं सांगावं. देवळात आल्यावानी हात काय जोडता?” मागं बाया हसल्या. “अन् पुरतं का न्हाई, ते आमी बघू.”

त्यांनी तांब्या पुढं केला. कोमट, जरासं मचूळ पाणी. आसारामनं एका दमात संपवलं. दगडाबाई त्याच्या घशाकडं बघत होत्या. तांब्या रिकामा झाल्यावर त्यांनी झाकण काढलं.

आसाराम ओट्यावरच मांडी घालून दूध तपासायला बसला.

“फॅट कमी लागलं, मावशी.”

“चारा पाठवा संघातून. म्हशी काय हवा खाऊन फॅट देत्यात?”

आतून चहा आला. आसारामनं कप घेतला आणि उद्या किती कॅन येतील ते विचारलं.

“येतील तेवढे येतील,” दगडाबाई म्हणाल्या. “तुमी येळेवर या.”