साठ फुटांची टेकडी

आमची नात अनिका एका देशाची राजधानी आखत होती, आणि तीही शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये, आमच्या डायनिंग टेबलवर. पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेटाची राजधानी समुद्र गिळत चाललाय, म्हणून उंचावर नवी वसवायची आहे. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांसाठी खुली स्पर्धा होती. पोरगी चार महिने खपली होती आणि रविवारी संध्याकाळपर्यंत काम पाठवायचं होतं.

"जागा न बघता शहर कसं आखायचं, आजोबा?" असं तिनं सुरुवातीलाच विचारलं होतं. तेव्हा मी तिला कॅनबेराची गोष्ट सांगितली. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाची राजधानी इथल्याच, शिकागोच्या एका नवरा-बायकोनं आखली. आराखडा त्याचा, चित्रं तिची. जागा दोघांनीही पाहिलेली नव्हती. चढउतारांच्या रेषांचा नकाशा समोर ठेवून त्यांनी टेकड्यांना रस्ते जोडले, मधोमध तळं काढलं आणि जिंकले! मी जन्मभर पूल बांधले, पण ही गोष्ट सांगताना माझी ऐट अशी, की त्यांचा तिसरा भागीदार मीच.

शनिवारी दुपारी अनिकानं शेवटचा नकाशा पसरला. टेकडीवर पार्लमेंट, तिथवर सरळ चढत जाणारा रुंद रस्ता, पायथ्याच्या खोलगट जागेत बाजार.

"वा!" मी म्हणालो. तिसऱ्यांदा.

सुलेखा, म्हणजे आमची ही, स्पर्धेसोबत आलेला बेटाचा फोटो चष्मा लावून बघत होती. ती अलिबागची. "टेकडी किती उंच गं?"

"सिक्स्टी फीट, आजी."

"साठ फुटांचा तर एखादा माडच असतो. इथे माड पायथ्याशी गवतासारखे दिसतायत."

मी नकाशा ओढून घेतला. रेषांवर नुसते आकडे होते: दहा, वीस, तीस, पार साठपर्यंत. आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, मीटर.

"ओ माय गॉड," अनिका म्हणाली. "मी फीट धरले. इट्स टू हंड्रेड फीट!"

नागपूरच्या कॉलेजात मीटरमध्ये शिकलेला मी! पण इथे येऊन फूट डोक्यात असे घट्ट बसले, की तीनदा बघूनही मला शंका आली नव्हती. भयंकर लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडतो.

"कॉलेजात शिकवतात तरी काय तुम्हांला?" मी खेकसलो.

अनिका नकाशा गुंडाळू लागली. तिचे डोळे भरले होते. "मी विथड्रॉ करते. या रस्त्यानं कोणी चढूच शकणार नाही. आणि मार्केटची जागाही तिप्पट खोल, म्हणजे खड्डाच. पावसात बुडेल."

"मग बुडू दे की," सुलेखा म्हणाली. "छान तळं होईल."

आम्ही दोघं आखणारी-बांधणारी मंडळी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग अनिकानं नकाशा पुन्हा उलगडला.

रविवारी दुपारपर्यंत बाजार तळ्याच्या काठावर आला, रस्ता टेकडीला वळसे घालत गेला आणि पार्लमेंट निम्म्या चढावर उतरलं.

"टॉपवर काय ठेवू, आजोबा?"

"बाक ठेव. सरकार खाली, माणसं वर."

ती हसली, पण पाठवायच्या वेळी पुन्हा अडखळली. "एवढं तळं भरायला किती इयर्स लागतील! जजेस हसतील."

"कॅनबेराचं तळं पन्नास वर्षांनी भरलं," मी म्हणालो. "आखणाऱ्या दोघांपैकी तेव्हा कोणीच उरलं नव्हतं." मी एकोणऐंशीचा. "पण तळं आहे."

अनिकानं बटण दाबलं. काम गेलं. मग तिनं माझा हात धरला.

"पन्नास वर्षांनी मी सेव्हंटी-फोर असेन. मी जाऊन बघीन, आजोबा. तुमच्या वतीनं."



"जाशील तेव्हा पाण्याची खोली मोज," मी म्हणालो. "आणि मीटरमध्ये मोज."