तीन वेळा लिहिलं होतं

सांगलीतल्या एका हळदीच्या कारखान्यात अर्फा अकरा वर्षं पाळीची मुकादम होती. एवढ्या वर्षांत तिनं कुणावर आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. कुठली बाई दमलीय, कुठला पट्टा ढिला झालाय, हे तिला चालता चालता कळायचं. थांबायची, हातानं दुरुस्त करायची, पुढं जायची. मॅनेजर नेमायची वेळ आली तेव्हा मात्र मालक जयराजदादांनी दोन वर्षांपूर्वी आलेल्या अजीमला खुर्ची दिली.

"अर्फाताई, तुमचं काम लय चांगलं हाय," दादा म्हणाले, "पण माणसं चालवायला तोंड लागतं."

घरी जाऊन तिनं भाकरीचं पीठ असं रगडलं, की तिची आई शकिला म्हणाली, "त्या पिठानं काय वाकडं केलंय तुझं?"

अजीमला घाई फार. दळणयंत्राच्या पट्ट्यावर लोखंडी जाळी होती, ती साफ करण्यात रोज वीस मिनिटं जायची. त्यानं ती काढूनच टाकली. अर्फानं पाळीच्या वहीत लिहिलं, 'जाळी काढली आहे. कुणाचा तरी हात जाईल.' ती वही रोज दादांच्या टेबलावर जायची. आठवड्यानं तिनं पुन्हा लिहिलं. मग सोमवारच्या बैठकीत उभी राहिली. "ती जाळी..." एवढंच म्हणाली, तोवर अजीम ओरडला, "ताई, जरा मोठ्यानं! इथवर येत न्हाई आवाज." सगळे हसले. दादाही हसले. ती खाली बसली आणि त्या दिवशी तिसऱ्यांदा लिहिलं.

गुरुवारी पट्ट्यानं दळणावरच्या रंगुबाईचा हात ओढला. बाकीचे किंचाळत राहिले, अर्फानं धावत जाऊन यंत्र बंद केलं. रंगुबाईचा हात स्वतःच्या ओढणीत गुंडाळून तिला रिक्षात घातलं. दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी दादांनी सगळ्यांना बोलावलं. "मला कुणी सांगितलं का न्हाई?"

अजीम मान खाली घालून म्हणाला, "अर्फाताई तिथंच असत्यात की, दादा. त्या वेळेवर बोलल्या असत्या तर..."

अर्फानं वही उघडून दादांच्या पुढ्यात आदळली. टेबलावरचा चहा सांडला.

"वाचा! तीन तारखा हायत, तीन वेळा लिवलंय. तोंडानं सांगाय उभी ऱ्हायले तर तुमी हसला. व्हय, तुमी पण हसला, दादा!"

दादांनी पानं उलटली. त्यांचा चेहरा उतरला. मग ते हळूच म्हणाले, "ताई, हाच आवाज आदी काढला असता तर..."

"म्हंजे चूक माजीच?" आता तिचा आवाज पुन्हा खाली आला होता. "तुमाला ऐकू यायला रंगुबाईची बोटं लागली. मी कितींदा ओरडू? आणि ओरडल्याबिगर वाचायचंच न्हाई, असं कुणी ठरवलं?"

उत्तराची वाट न बघता ती खाली गेली आणि सगळी यंत्रं बंद केली. मागून आलेला अजीम चालू करा म्हणून गरजला. तीस बायांपैकी एकीनंही हात हलवला नाही. मनुबाई तर त्याच्याकडं पाठ करून बसली. दुपारी वेल्डर आला, जाळी बसली, तेव्हाच काम सुरू झालं.

पंधरा दिवसांनी दादांनी अजीमला काढलं आणि ती खुर्ची अर्फापुढं केली. "फकस्त जरा बोलायला शिका, ताई."

"मी न्हाई शिकणार," ती म्हणाली. "रोज सकाळी वही वाचून खाली सही करणार असाल, तर बसते."

दादांनी खिशातलं पेन काढलं.

लोक पेढे मागायला आले. अर्फानं कुणालाच दिले नाहीत. ती उठून रंगुबाईच्या घरी गेली. रंगुबाई डाव्या हातानं भाकरी थापायचा प्रयत्न करत होती, भाकरी फाटत होती. अर्फा तिच्याशेजारी बसली. तिचा राग तसूभरही उतरला नव्हता.