अर्धचंद्राची खाच

मी एक फळी बोलतेय. लिहायची नव्हे, परीक्षा घ्यायची. आलापल्लीच्या सागाची, चांद्याच्या सुताराने घडवलेली. माझ्या अंगात गोल, चौकोनी, चांदणीसारख्या, अर्धचंद्रासारख्या खाचा कोरल्या आहेत आणि त्यांत बसणारे ठोकळे आहेत. मला एक जुळी बहीणही आहे. एकोणीसशे पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. खेड्यापाड्यांतली तल्लख मुलं हेरायची आणि चांद्याच्या वसतिगृहात ठेवून सरकारी खर्चाने शिकवायची, असं ठरलं. हुशारी मापायचं काम आम्हा लाकडांवर आलं. माणसं तरी काय काय लाकडांवर सोपवतात!

परीक्षक साहेब आम्हाला बैलगाडीतून गावोगाव नेत. माणूस भला, पण घड्याळाचा भक्त. हात थांबला म्हणजे डोकं थांबलं, असं त्यांचं ठाम मत. वेळ वाचावा म्हणून ते दोन मुलांना एकदमच बसवत.

चामोर्शीजवळच्या एका गावात माझ्यापुढे गिरजा बसली आणि बहिणीपुढे तिची मैत्रीण मंगली. दोघी मासे धरणाऱ्या ढिवरांच्या पोरी, तलावावरच वाढलेल्या. गिरजाची बोटं अशी भराभर चालली की मला गुदगुल्या झाल्या. शेवटचा अर्धचंद्र तेवढा उरला, आणि तो हातात धरून ती मंगलीकडे बघत बसली. घड्याळ चालूच होतं. साहेबांनी पेन्सिल उचलली. एवढी चलाख पोर आता मंद ठरणार, पण लाकडाचं कोण ऐकतं? मंगलीने तिचा शेवटचा ठोकळा बसवला, तेव्हाच गिरजाने आपला बसवला.

लिहिता लिहिता साहेब थबकले. "हातात होता, मग बसवला का नाहीस?"

"जाळं दोघी मिळून ओढतो, साहेब," गिरजा म्हणाली. "एक टोक आधी आलं तं मासोळी निसटते. मंगलीचं टोक मांगंच होतं."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. मग मंगलीला पडवीत पाठवून त्यांनी गिरजाची एकटीची परीक्षा पुन्हा घेतली. या खेपेला डोळ्याचं पातं लवायच्या आत मी भरले. गिरजा निवडली गेली. मंगली नाही.

दुसऱ्या दिवशी गिरजा साहेबांच्याच गाडीने निघाली. तिची आई गोकुळा पोरीसमोर रडली नाही. "आता जाळ्यावर माझ्यासंगं मंगली येईल," एवढंच म्हणाली. साहेब मला पेटीत ठेवत होते, तेवढ्यात गिरजाने माझा अर्धचंद्र काढला आणि मंगलीच्या मुठीत दिला.

"हे टोक तू धर. मी येतवरी सोडू नोको."

साहेबांनी ते पाहिलं होतं. सरकारी वस्तू, तरी त्यांनी ती परत मागितली नाही; पेटीचं झाकण लावून टाकलं. त्या दिवशी त्यांची हुशारी मला पटली.

आता मी एका शाळेच्या कपाटात धूळ खात पडले आहे. अपुरी म्हणून मला कुणी हात लावत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? तरीही एक विनंती आहे. कुणी माझ्यासाठी नवा अर्धचंद्र घडवायला निघालं, तर त्याला थांबवा. कपाटात वर्षं मोजता येत नाहीत; माझ्या लेखी गिरजा अजून शिकते आहे, आणि मंगलीने मूठ सोडली नसणार, याची मला खात्री आहे.