ढोलाच्या पोटातली धाकटी एफुआ

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. अराबाआजीच्या अंगणात, मासे धुरावर सुकवायच्या भट्टीपासून जरा बाजूला, तो लाकडी बुंधा आडवा पडलाय ना, ज्याच्यावर बसून बायका तारल्या निवडतात, तोच मी. माझ्या खुंट्या पडल्या. चामडं उंदरांनी नाही, उन्हापावसानं खाल्लं. पण पोट अजून शाबूत आहे, आणि आज मला पोटाचीच गोष्ट सांगायची आहे.

माझं लाकूड वरच्या जंगलातलं. क्वामेना सुतारानं मला आतून पोखरलं आणि मग कितीतरी दिवस नुसतं घासत बसला. वर रुंद, खाली निमुळता, पायाशी उघडा. त्याची बायको म्हणाली, "अहो, आत कोणी राहायला येणार आहे का? एवढं गुळगुळीत कशाला?" सगळे हसले. तोही हसला, पण घासायचं थांबला नाही. देव काही कामं आपल्याकडून आधीच करून घेतो, आणि ती कशासाठी ते फार उशिरा सांगतो.

मला हरणाचं चामडं चढलं आणि मी चर्चमध्ये आलो. आमच्या किनाऱ्यावरच्या चर्चमध्ये उपदेश नुसता बोलत नाहीत. पाळकसाहेब गोष्ट रंगवत जातात, आणि गोष्ट ऐन भरात आली की मंडळीतून एखादी म्हातारी मध्येच सूर लावते. पाळकसाहेब थांबतात. सगळी मंडळी तिच्यामागून गाऊ लागते. गाणं गोष्टीला उचलतं आणि पुढच्या वळणावर नेऊन सोडतं. आमच्याकडे ती म्हातारी म्हणजे अराबाआजी. तिच्या सुराखाली मी चालायचो, आणि माझे हात म्हणजे एकोकाका. त्यांच्या तळव्याला घट्टे होते, पण ठोका असा पडायचा की रडणारं मूल गप्प व्हावं. लोक म्हणत, "अर्धा उपदेश पाळकसाहेबांचा, अर्धा आजीचा, आणि मधला श्वास ढोलाचा." हे ऐकून मी किती फुगायचो, काय सांगू!

वर्षातून एकदा मात्र मला गप्प राहावं लागे. सुगीच्या सणाआधी काही आठवडे गावात ढोल वाजवायला बंदी असते. जमीन आणि खाडी तेव्हा निजलेल्या असतात, त्यांची झोप मोडू नये. चुकून एक ठोका पडला तरी गावच्या राजांकडे मेंढा द्यावा लागतो. सणाच्या दिवशी ऊन कललं की राजांचा मोठा ढोल वाजतो. मग गावातल्या प्रत्येक ढोलानं लगेच उत्तर द्यायचं. जो देणार नाही, त्याचं पुढच्या सणापर्यंत हसं होतं.

बंदीच्या दिवसांत मला आजीच्या घरी आणत. माशांच्या कोठीत आडवं निजवत आणि अंगावर कापड टाकत.

त्या वर्षी कोठीत उंदरांनी उच्छाद मांडला होता. म्हणून आजीची नात एवुरामा बाजारगावी मावशीकडे गेली आणि मांजराचं पिल्लू घेऊन आली. आली ती लॉरीनं. दोरीनं बांधलेली झाकणाची टोपली, एका बाजूला इंजीन, दुसऱ्या बाजूला बकरा. टोपली उघडली तेव्हा आत राखाडी रंगाची एक मूठ होती आणि दोन डोळे.

आता पाहुणा घरी आला की आमचे लोक काय करतात? बसायला देतात, पाणी देतात, मग सगळे रांगेनं, उजवीकडून सुरुवात करून, त्याला भेटतात आणि त्याचं येण्याचं कारण विचारतात. माणसाला हे फार बरं वाटतं. त्या दिवशी सगळं आवार जमलं. पिल्लाला बसायच्या चौरंगावर ठेवलं. प्रत्येकानं पुढे येऊन त्याचा पंजा हातात घेतला. आजीनं घसा खाकरून विचारलं, "ये बाई. इकडे सगळं क्षेमकुशल आहे. तिकडचं सांग. काय निमित्तानं येणं केलंस?"

शेजारची एफुआ म्हणाली, "उंदरांवर खटला भरायला आलीय म्हणा!"

पोरं खदखदून हसली. आमच्याकडे ज्या वारी जन्म, त्या वाराचं नाव. पिल्लाचा जन्मवार कोणालाच माहीत नव्हता. आलं शुक्रवारी, म्हणून शुक्रवारच्या मुलीचं नाव पडलं, एफुआ.

"घ्या! माझं नाव मांजराला?" शेजारीण म्हणाली.

"तुला राग कसला? तीही तुझ्यासारखीच दुसऱ्याच्या कोठीत नाक खुपसणार आहे," आजी म्हणाली.

तेव्हापासून शेजारीण थोरली एफुआ आणि पिल्लू धाकटी. नाव ठेवलं की जिभेवर पाण्याचा थेंब टेकवायचा. आजीनं बोट बुडवलं, पुढे केलं, आणि त्या इवल्या जिवाचा धीर सुटला. चौरंगावरून उडी, माणसांच्या पायांतून कोठीत, कापडाखाली, आणि पायाकडच्या भोकातून थेट माझ्या पोटात.

मित्रांनो, माझ्या पोटातून आजवर आवाज बाहेर पडला होता. आत येऊन कोणी लपलं नव्हतं. ती चामड्याला पाठ लावून बसली. तिचं काळीज इतकं धडधडत होतं की मला वाटलं, बंदी मोडली!

एकोकाकांनी हात घातला आणि रक्ताळलेला परत काढला. थोरली एफुआ म्हणाली, "ढोल उभा करून आपटा ना जरा, पडेल आपसूक."

"तुला आपटलं तर तू पडशील का?" आजी म्हणाली. "राहू दे तिथंच. बंदी आहे, ढोलाला कोणी हात लावणार नाही. गावात याहून सुरक्षित जागा नाही."

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. बंदीला शेवटही असतो हे त्या क्षणी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मग एवुरामानं घराची बोलती बंद केली. पिल्लू घाबरतंय, म्हणून कोणी बोलायचं नाही, हसायचं नाही, पाय वाजवायचे नाहीत. कोठीच्या दारात ती ओठांवर बोट ठेवून बसे. सगळं प्रेमापोटीच, पण मी आतून सांगतो, ती शांतताच पिल्लाला छळत होती. काहीच ऐकू येत नाही म्हणून ते सारखं कानांनी शोधत राही, आणि मग कुठेतरी पळी पडली की आभाळ कोसळल्यासारखं माझ्या लाकडाला नखं रोवी. समोर मासा ठेवलेला, पण तो खारवलेला. त्याला ते तोंड लावेना. पाण्याकडेही ते येईना. एका दुपारी धडधड मंदावली. ती धीर आल्यानं मंदावली नव्हती, अंगात त्राण उरलं नव्हतं.

"आजी, जगेल ना गं?" एवुरामानं कुजबुजत विचारलं. आजीनं पाण्याची वाटी भोकाशी सरकवली.

मला सांगायचं होतं. ओरडून सांगायचं होतं. पण मला वाचा आहे ती दुसऱ्याच्या हातानं, आणि हातांना बंदी होती.

त्या संध्याकाळी आजी तारल्या निवडायला बसली आणि सवयीनं माझ्या चामड्याला पाठ टेकली. काम करता करता ती विसरली की घरात गप्प राहायचंय. आदल्या रविवारचा उपदेश तिच्या मनात घोळत होता. पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, की भ्यालेल्या जिवाचं दार देव ढकलत नाही, तो बाहेर पायरीवर बसून राहतो. तिथंच आजीनं सूर लावला होता, आणि आता तोच तिच्या घशातून हळू निघाला,

"मी इथंच आहे रे, मी इथंच आहे,
पाणी चढू दे, पाणी उतरू दे,
मी इथंच आहे."

तिच्या पाठीतून तो सूर माझ्या चामड्यात उतरला, चामड्यातून लाकडात. मी वाजलो नाही, नुसता थरथरलो. आत पिल्लानं मान उचलली. कान एका दिशेला लागले. सूर कुठून येतो ते त्याला कळलं, आणि तो जवळ येत नाही हेही कळलं. कडवं परत परत आलं. मग माझ्या पायाशी एक नाक बाहेर आलं, आणि पाण्याचा लपलप आवाज झाला.

आजी थांबली. नाक आत!

"थांबू नको ना, आजी!" एवुरामाचा आवाज रडका झाला होता.

आजी गात राहिली. एवुरामानं बिनमिठाचा, बिनमिरचीचा मासा उकडून आणला, काटे काढले, ठेवला आणि मागे सरून ती स्वतःही गुणगुणू लागली. धाकटी एफुआ त्या दिवशी पहिल्यांदा जेवली.

पुढे रोज संध्याकाळी तेच. कोणी बोलवायचं नाही, कोणी पकडायचं नाही. आजी मासे निवडणार, गाणार, आणि पिल्लू हळूहळू तिच्या लुगड्याच्या काठापर्यंत येणार. एकदा तिनं काठावर पंजा ठेवला. आजीनं खाली पाहिलंसुद्धा नाही, फक्त सूर थोडा ओला झाला. पण दिवसभर, आणि जरा काही खुट्ट झालं की, पिल्लाचं घर म्हणजे मीच.

इकडे बाहेर भिंतींना नवा रंग लागला. डोक्यांवरून नव्या सुरणाच्या टोपल्या आल्या. पाव्हण्यांनी भरलेल्या लॉऱ्या यायला लागल्या. माझ्या मनात एकच गोष्ट ठोके घेत होती. एकोकाका येतील. मला उभं करतील. आणि पहिला ठोका नेहमी सगळ्यात जोरात असतो.

सण आला. सकाळपासून आवार माणसांनी फुललं, आणि पिल्लू माझ्या पोटात अगदी वरपर्यंत, चामड्याला चिकटून बसलं. दुपारी एकोकाका पांढरी कापडं नेसून आले. मागे दारात पांढऱ्या लुगड्यातल्या मंडळीतल्या बाया. काकांनी मला उचललं, तिरकं केलं, आणि आत नखं करकरली.

"अरे देवा! अजून आहे आत?"

एवुरामानं मला मिठी मारली. "काका, नका ना! ती बाहेर पळाली तर गर्दीत जाईल. किनाऱ्यावर कुत्री आहेत!"

"अगं, ऊन कललंय पोरी! राजांचा ढोल आता वाजेल. उत्तर दिलं नाही तर लोक म्हणतील, चर्चचा ढोल मेला. इतकी वर्षं मी एकदाही चुकलो नाही."

"मग मलाच आधी उचला."

थोरली एफुआ दारातून म्हणाली, "एका मांजरापायी सगळ्या मंडळीचं नाक कापणार का?" पण या वेळी कोणी हसलं नाही.

एकोकाकांचे हात माझ्या कडांवर होते. मी ते हात ओळखतो, मित्रांनो. ठोक्याची वेळ झाली की ते कधी अडत नसत. त्या दिवशी अडले.

"खाली ठेव, एको," आजी म्हणाली.

"आणि उत्तर?"

"उत्तर दे की. ढोलाऐवजी माणसानं द्यायला कुठं बंदी आहे?"

तेवढ्यात राजांचा ढोल घुमला. जमीन हादरली. आत पिल्लू चामड्यावर आदळलं. लगेच कोळीवाड्यातला ढोल, मग वरच्या आळीतला, मग आणखी, सगळीकडून. प्रत्येक दणक्याला माझं रिकामं अंग आपोआप घुमू पाहत होतं, आणि आत एक जीव चिरडल्यासारखा ओरडत होता. गावाच्या त्या सगळ्या गडगडाटात आमच्या चर्चची एक जागा मोकळी होती. सगळ्यांना ती ऐकू येत होती.

एकोकाकांनी मला अलगद आडवं ठेवलं. सरळ उभे राहिले. डोळे मिटले, आणि उजवा तळवा स्वतःच्या छातीवर मारला. एक. मग पुन्हा. तोच ताल, जो ते माझ्यावर धरायचे.

आजी माझ्या चामड्याला पाठ टेकून खाली बसली, पांढऱ्या लुगड्यानिशी, धुळीत. तिनं सूर लावला, "मी इथंच आहे रे…" दारातल्या बायांनी उचललं. अंगणातल्यांनी उचललं. टाळ्या जोरात नव्हत्या, मांडीवर, हळू. थोरली एफुआ सुद्धा गात होती, आणि तिचा आवाज चांगला होता हे मी कबूल करतो. बाहेर ढोल कोसळत होते, आत ते गाणं भिंतीसारखं उभं होतं. पिल्लाला त्यातला एक आवाज ओळखीचा होता. मग दोन. रोज संध्याकाळी जे पायरीवर बसून राहत होतं, ते आजही उठून गेलं नव्हतं.

किती वेळ गेला मला सांगता येत नाही. पायाशी नाक आलं. डोकं आलं. धाकटी एफुआ सगळ्यांच्या देखत बाहेर आली, अंग जमिनीला चिकटवून आजीपर्यंत गेली आणि तिच्या मांडीवर चढून लुगड्याच्या घडीत शिरली. त्या घरात ती पहिल्यांदा माझ्याशिवाय दुसऱ्या कुठं लपली.

"आता?" एकोकाकांनी विचारलं. छाती लाल झाली होती.

"आता. पण बोटांनी."

त्यांनी मला उभं केलं आणि पहिला ठोका दिला, बोटांच्या टोकांनी. गावाला तो ऐकूही गेला नसेल. लुगड्याच्या घडीतून एक कान बाहेर आला, आडवा झाला, परत सरळ झाला. मग दुसरा ठोका जरा मोठा, मग तिसरा. घडी हलली नाही. मंडळी मिरवणुकीला निघाली, सगळ्यात शेवटी. आजी मात्र त्या दिवशी गेली नाही. तिच्या मांडीवर कोणी झोपलं होतं.

आतून पडलेल्या ओरखड्यांनी माझा आवाज जरा बदलला. एकोकाका म्हणायचे, "खरखरतोय." आजी म्हणायची, "खरखरत नाही. गुरगुरतोय." पुढे एकोकाका देवाघरी गेले, चर्चला नवा ढोल आला, आणि कुणीतरी मला अंगणात ठेवलं, तो मी तिथंच राहिलो. तेल नाही, कापड नाही. तक्रार करत नाही, पण तुमच्या घरी एखादं जुनं वाद्य असेल तर त्याला कोरड्या जागी ठेवा, एवढं मागतो.

आणि आणखी एक. सध्या पुन्हा बंदीचे दिवस आहेत. धाकटी एफुआ आता म्हातारी झाली, तिच्या नातीला कालच माझ्या पोटात पिल्लं झालीत. त्यातलं एक फार भित्रं आहे. तेव्हा जाता येता, आत कोण आहे बघू, म्हणून मला ठोकू नका, हात घालू नका. वेळ असेल तर पाठ टेकून बसा. काहीतरी गुणगुणा. सूर चुकला तरी चालेल, लाकूड सांभाळून घेईल.